नागपूरच्या ‘जॉन स्मिथ’च्या मागावर: स्पेनमधले आठ दिवस

पहिला दिवस, बुधवार: बार्सिलोना

सान फेलिप नेरीच्या चौकात पोचलो तेव्हा शाळेची मधली सुट्टी झाली होती. चौक लहानसा, मधोमध कारंजं, दोन-चार झाडं आणि पोरांचा फुटबॉल. चेंडू सारखा चर्चच्या भिंतीवर आपटत होता. ती भिंत जमिनीपासून माणसाच्या उंचीच्याही वरपर्यंत देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची आहे. ३० जानेवारी १९३८ रोजी इटलीच्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बच्या त्या खुणा. चर्चच्या तळघरात आसऱ्याला ठेवलेली मुलं ढिगाऱ्याखाली गेली, त्यांना बाहेर काढायला माणसं धावली आणि तेवढ्यात पुन्हा बॉम्ब पडले. ४२ जण गेले, त्यात बहुतेक मुलंच.

बाकावर एक आजी बसल्या होत्या. मी भिंतीला हात लावून बघतेय हे पाहून त्या माझ्या भाच्याशी बोलू लागल्या. त्यांच्या लहानपणी, हुकूमशहा जनरल फ्रँकोच्या राजवटीत, या खुणांची गोष्ट वेगळीच सांगितली जायची: अराजकवाद्यांनी इथे पाद्र्यांना उभं करून गोळ्या घातल्या, त्याचे हे व्रण. मी विचारलं, ते सगळं खोटंच होतं का? आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पाद्री मारले गेले, हे खरं आहे. पण या भिंतीपाशी नाही.”

पुढचे आठ दिवस हे वाक्य माझ्यासोबत होतं.

मी स्पेनला का गेले, ते सांगते. माझं माहेर नागपूरचं. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पुढे ते पत्रकारितेच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि तिथून १९३७ मध्ये थेट स्पेनच्या यादवी युद्धात उतरले, फ्रँकोच्या विरोधात लढणाऱ्या, देशोदेशीच्या स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये, ‘जॉन स्मिथ’ या नावाने. पकडले गेले, युद्धकैद्यांच्या छावणीत राहिले, सुटले, आणि परत आल्यावर कम्युनिस्ट पक्षात गेले. हा माणूस तिकडे नक्की काय पाहून आला, हा प्रश्न मला फार वर्षं छळत होता. भाचा बार्सिलोनात नोकरीला आहे, त्याला स्पॅनिश येतं, गाडी चालवता येते. “मावशी, तू ये फक्त, बाकी मी बघतो,” म्हणाला. त्यामुळे तिकिटं-हॉटेलांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

दुसरा दिवस, गुरुवार: बार्सिलोना

सकाळी प्लासा दे कातालुन्या. चौकाच्या कोपऱ्यावर टेलिफोन एक्स्चेंजची जुनी इमारत आहे. खालून माणसांचे लोंढे खरेदीला जात असतात, कोणी वर बघत नाही. मी बराच वेळ बघत उभी राहिले, कारण या युद्धाचा सगळ्यांत दुखरा भाग मला इथेच वाटतो.

आपल्याकडे हे युद्ध एका ओळीत उरकतात: एका बाजूला लोकशाही प्रजासत्ताक, दुसऱ्या बाजूला फॅसिस्ट. पण फेब्रुवारी १९३६ ची निवडणूक जिंकणाऱ्या आघाडीत मध्यममार्गी रिपब्लिकन, समाजवादी आणि कम्युनिस्ट होते. जुलैमध्ये फ्रँको आणि इतर सेनापतींनी सरकारविरुद्ध बंड केल्यावर रस्त्यावर उतरून ते बार्सिलोनात मोडून काढलं ते प्रामुख्याने अराजकवादी कामगारांनी, आणि त्यांचा तर सरकार या गोष्टीवरच विश्वास नव्हता. कारखाने, ट्राम, हॉटेलं कामगारांनी ताब्यात घेतली. हे टेलिफोन एक्स्चेंजही. आधी क्रांती की आधी युद्ध, यावर रोज वाद. कम्युनिस्ट म्हणत, शिस्तीचं सैन्य उभारा, क्रांतीचं नंतर बघू. अराजकवादी आणि ‘पोउम’ नावाचा स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्ष म्हणे, क्रांती सोडली तर गरीब माणूस लढेल कशासाठी?

३ मे १९३७ रोजी पोलीस हे एक्स्चेंज ताब्यात घ्यायला आले आणि फ्रँकोशी लढणाऱ्यांनीच एकमेकांवर बंदुका रोखल्या. आठवडाभरात शेकडो माणसं मेली. पुढच्याच महिन्यात पोउमवर बंदी आली, त्यांचे नेते आंद्रेउ निन यांना अटक झाली आणि सोव्हिएत हेरांनी त्यांना मारलं. सोव्हिएत संघाचा शब्द एवढा चालला, कारण प्रजासत्ताकाला रणगाडे आणि विमानं विकणारा जवळपास तोच एक देश उरला होता. मेक्सिकोने मनापासून मदत केली, पण त्याची कुवत किती? १९३६ च्या ऑक्टोबरात स्पेनच्या तिजोरीतलं सुमारे ५१० टन सोनं कार्ताखेनाच्या बंदरातून सोव्हिएत संघाकडे रवाना झालं होतं. शस्त्रांचा मोबदला त्यातून वळता झाला, आणि सोबत मिंधेपण आलं.

ब्रिटन-फ्रान्सने पुढाकार घेऊन लंडनमध्ये ‘हस्तक्षेप न करण्याची’ समिती नेमली होती. २७ देश तिच्यात होते. जर्मनी आणि इटलीही सही करून बसले होते आणि त्याच वेळी फ्रँकोला विमानं, तोफा, माणसं पाठवत होते. करार पाळला गेला तो फक्त कायदेशीर सरकारच्या विरोधात. मला याचा आजही संताप येतो.

संध्याकाळी तुरो दे ला रोविरा टेकडीवर गेलो. वर विमानविरोधी तोफांचे काँक्रीटचे ओटे आहेत आणि खाली सगळं शहर समुद्रापर्यंत पसरलेलं. जून १९३८ मध्ये पंडित नेहरू या शहरात आले होते. पाच दिवस राहिले, आणि त्या दिवसांतही बॉम्ब पडत होते. टेकडीवर संध्याकाळी फार गर्दी होते, सकाळी जावं. पाणी खालूनच घ्या.

जेवणाचं सांगायचं तर, ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच सांगून भागत नाही, सॅलडमध्ये टूना मासा येतो आणि भाजीत हॅमचे तुकडे. दोन्हींची नावं घेऊन नको म्हणावं लागतं. भाजलेल्या पावावर लसूण आणि पिकलेला टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचं तेल घालतात, तो ‘पा आंब तोमाकेत’ मात्र मी रोज खाल्ला.

तिसरा दिवस, शुक्रवार: गुहेतलं इस्पितळ, कोर्बेरा, गांदेसा

भाड्याची गाडी घेऊन निघालो. (आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या.) डोंगरातल्या ला बिस्बाल दे फाल्सेत गावाजवळ एक गुहा आहे, सांता लुसियाची. गुहा म्हणजे कड्याखालची लांबलचक कपार. १९३८ मध्ये एब्रो नदीची लढाई चालू असताना इथे खाटा लावून इस्पितळ चालवलं. डॉक्टर-नर्सांमध्ये परदेशी होते, आणि शत्रूकडच्या जखमींवरही इथे उपचार झाले. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. कपारीतून पाणी ठिबकत होतं.

तिथे बसून मी भाच्याला डॉ. मदन अटल यांच्याबद्दल सांगितलं. त्यांनी स्पेनच्या युद्धात जखमींची सेवा केली, आणि १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुखही तेच होते. त्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत असतात. त्यांच्या आधीचा हा स्पेनचा दुवा मलाही फार उशिरा कळला.

दुपारी कोर्बेरा. टेकडीवरचं जुनं गाव लढाईत उद्ध्वस्त झालं ते तसंच ठेवलंय. लोकांनी खाली नवं गाव वसवलं. वरच्या चर्चला आता पारदर्शक छत घातलंय, त्यामुळे आतल्या भग्न खांबांवर ऊन पडतं. २५ जुलै १९३८ च्या पहाटे प्रजासत्ताकाच्या सैन्याने होड्यांतून एब्रो ओलांडली आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत या डोंगरांत लढाई चालली. पंतप्रधान नेग्रिन यांचा हिशेब असा होता की आणखी काही महिने तग धरला तर युरोपात युद्ध पेटेल आणि ब्रिटन-फ्रान्सला आपल्या बाजूने यावंच लागेल. सप्टेंबरच्या शेवटी म्युनिकमध्ये ब्रिटन-फ्रान्सनेच हिटलरशी तडजोड केली. इथे खंदकात बसलेल्या माणसांचं भवितव्य तिकडे ठरलं.

गांदेसात द्राक्षतोडणी चालू होती. सहकारी मद्यशाळेसमोर ट्रॅक्टरांची रांग होती, आपल्याकडे साखर कारखान्यासमोर उसाच्या गाड्यांची लागते तशी. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरवरून वाकून आम्हाला ओंजळभर पांढरी द्राक्षं दिली. भाच्याने युद्धाचं विचारल्यावर सीटखालून एक गंजलेला लोखंडी तुकडा काढून दाखवला. बॉम्बची किरची. नांगरताना आजही निघतात म्हणे. “कोणाकडची?” भाच्याने विचारलं. त्याने खांदे उडवले. “लोखंड आहे. जर्मन असेल, रशियन असेल, इटालियन असेल. स्पॅनिश असण्याची शक्यता कमी.”

हुद्दार पकडले गेले ते याच भागात, एब्रोच्या लढाईच्या काही महिने आधी, एप्रिल १९३८ च्या सुरुवातीला. फ्रँकोच्या फौजा तेव्हा समुद्राकडे मुसंडी मारत होत्या. जवळच्या कालासेइते गावाजवळ ३१ मार्चला ब्रिटिश बटालियन पहाटेच्या अंधुक उजेडात चालत चालत इटालियन रणगाड्यांच्या पुढ्यात गेली. आपलेच असतील, असं त्यांना वाटलं. शंभराहून जास्त जण कैद झाले. या बटालियनचं अधिकृत नाव होतं साकलातवाला बटालियन, मुंबईत जन्मलेल्या आणि ब्रिटनच्या संसदेत कम्युनिस्ट म्हणून निवडून गेलेल्या शापुरजी साकलातवालांच्या नावावरून. कालासेइतेच्या रस्त्याकडेला गाडी थांबवून मी उतरले. बदामाची झाडं, दगडी बांध, तांबडी माती. आमच्याकडच्या काटोलच्या वाटेवर संत्र्याच्या बागा संपल्या की थोडं असंच दिसतं.

चौथा दिवस, शनिवार: बेल्चिते

बेल्चितेचं जुनं गाव कुंपणात आहे आणि मार्गदर्शकाबरोबरच आत जाता येतं. ऑनलाइन जागा आधी राखून ठेवा. आणि सप्टेंबर असला तरी जाकीट न्या. एब्रोच्या खोऱ्यात ‘सिएर्सो’ नावाचा वायव्येचा वारा सुटतो, तो कानात सुईसारखा घुसतो. आम्ही ऊन बघून पातळ कपड्यांत गेलो आणि दोन तास कुडकुडलो.

ऑगस्ट-सप्टेंबर १९३७ मध्ये दोन आठवडे या गावासाठी घराघरातून लढाई झाली आणि प्रजासत्ताकाने ते जिंकलं. मार्च १९३८ मध्ये फ्रँकोने परत घेतलं, आणि ‘लालांनी काय केलं बघा’ म्हणून अवशेष तसेच ठेवायचं ठरवलं. शेजारचं नवं गाव बांधायला राजकीय कैद्यांचे हात वापरले. जुन्यातली शेवटची माणसं १९६० च्या दशकापर्यंत त्या भिंतींच्या आधाराने राहत होती.

आमच्या मार्गदर्शक बाई तिशीच्या, नव्या बेल्चितेच्याच. त्यांनी एका वळणावर सांगितलं की १९३६ च्या उन्हाळ्यात, लढाई पोचायच्या कितीतरी आधी, गावातल्या समाजवादी महापौराला फ्रँकोच्या बाजूच्यांनी पकडलं, कैदेतच त्याचा अंत झाला, आणि डाव्या लोकांचा त्यांनी जीव घेतला होता. म्हणजे बॉम्ब बाहेरून आले, पण यादी गावातच तयार झाली होती. कोणाचं शेत कोणाकडे गहाण, कोण चर्चला जात नाही, कोणी संपात भाग घेतला. जमिनीचं भांडण, चर्चचं भांडण, कातालान-बास्क लोकांच्या स्वायत्ततेचं भांडण. ही सगळी भांडणं स्पेनची स्वतःची आणि जुनी होती. बाहेरच्यांनी ती लावली नाहीत. पण जर्मन विमानांनी स्पेनच्या ताब्यातल्या मोरोक्कोतलं फ्रँकोचं सैन्य उचलून दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियात आणलं नसतं, तर बंड तिकडेच अडकून पडलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

सान मार्तिन चर्चच्या दारावर गावातल्याच एकाने चार ओळी लिहून ठेवल्यात: आता इथे तरुण पोरं रात्री गात फिरत नाहीत, वाडवडिलांची गाणी ऐकू येत नाहीत. बाईंनी त्या वाचल्या आणि पुढे काही न बोलता चालू लागल्या.

परत निघताना नव्या गावात ऑलिव्ह तेलाची बाटली घेतली. इथल्या काळ्या ऑलिव्हचं तेल फार मऊ लागतं. सामानात टाकायचं असेल तर डबा मागा, बाटली नको.

पाचवा दिवस, रविवार: सान पेद्रो दे कार्देन्या

सारागोसाहून बुर्गोस तीन तास. बुर्गोस हे युद्धात फ्रँकोचं सत्ताकेंद्र. १ एप्रिल १९३९ रोजी युद्ध संपल्याचं निवेदन इथूनच निघालं. त्याच्याही छावणीत एकवाक्यता नव्हती: जुन्या राजघराण्याच्या दुसऱ्या पातीसाठी लढणारे कट्टर कॅथलिक कार्लिस्ट, निळ्या सदऱ्यांचे फॅसिस्ट फालांखिस्ट, राजेशाहीवाले, सेनापती. फ्रँकोने एप्रिल १९३७ मध्ये एका हुकमाने कार्लिस्ट आणि फालांखिस्टांची मोट बांधून एकच पक्ष केला आणि कुरकुर करणाऱ्या फालांखे प्रमुखाला तुरुंगात टाकलं. पलीकडच्यांना एकीसाठी एकमेकांचे गळे धरावे लागले, इकडे एका माणसाच्या धाकाने काम झालं.

मठ शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, ओकच्या झाडीत. दर्शनी भागावर घोड्यावरचा एल सिद, स्पेनचा मध्ययुगीन वीर. त्याला पूर्वी इथे पुरलं होतं. आज इथे ट्रॅपिस्ट भिक्षू राहतात, पण ते युद्धानंतर आले. १९३८ मध्ये इथे परदेशी कैदी कोंबले होते, ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन, पोलिश, क्युबन, शेकडोंनी. हुद्दार त्यांच्यातच.

मठ दाखवणारे ब्रदर सत्तरीच्या पुढचे, वाकलेले. आम्ही भारतातून आलो कळल्यावर त्यांना वाटलं, सिदसाठी आलो. भाच्याने सांगितलं, आमच्या गावचा एक माणूस इथे कैदेत होता. ब्रदर थांबले. त्यांनी आम्हाला मागच्या बाजूला नेलं, वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे बोट केलं. तिथे जमिनीवर झोपायचे. थंडी, उवा, पातळ डाळीचं पाणी. रोज फ्रँकोला फॅसिस्ट पद्धतीने हात उंचावून सलामी, नाही दिली की दांडके. लष्करी मनोविकारतज्ज्ञ डॉ. वायेखो-नाखेरा यांनी याच कैद्यांची मापं घेतली, प्रश्नावल्या भरून घेतल्या, माणूस मार्क्सवादी होतो तो मेंदूतल्या कोणत्या खोटीमुळे हे सिद्ध करायला. आणि त्याच दालनांत कैद्यांनी आपापसात भाषांचे, गणिताचे वर्ग चालवले, हाताने लिहिलेलं वर्तमानपत्र काढलं.

मी त्या खिडक्यांखाली उभी होते आणि मला सारखं वाटत होतं, हजेरीला ‘जॉन स्मिथ’ पुकारल्यावर हा नागपूरचा माणूस काय म्हणून ‘हजर’ म्हणत असेल? जर्मन वैमानिकाला त्याच्या सरकारने पाठवलं होतं. मोरोक्कोच्या डोंगरातल्या गरीब पोरांना पगाराने आणलं होतं, आणि परकी सत्ता आपली माणसं दुसऱ्याच्या युद्धात कशी वापरते हे आपल्याला कोणी सांगायला नको. हुद्दारांना कोणी पाठवलं नव्हतं. ज्या ब्रिटिशांच्या राज्यात ते तुरुंग भोगून आले होते, त्याच ब्रिटिशांच्या बटालियनमधून ते लढले. संघ घडवायला मदत केलेला माणूस इथे जर्मन ज्यू आणि क्युबन कामगारांशेजारी जमिनीवर झोपला. दोन्हीकडचे लोक आज त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. मला ते दोन्हीकडच्यांनी बोलावं असं वाटतं.

ब्रदरना मी नाव कागदावर लिहून दिलं, देवनागरीत आणि रोमनमध्ये. त्यांनी कागद झग्याच्या खिशात ठेवला. “संध्याकाळच्या प्रार्थनेत घेईन,” म्हणाले. हुद्दारांना चाललं असतं का, माहीत नाही. मी नाही म्हटलं नाही.

रविवारी स्पेनच्या लहान गावांत दुकानं बंद असतात, खाणं आदल्या दिवशी घ्या. बुर्गोसमध्ये ताज्या चीजवर मध घालून देतात, ते चुकवू नका.

सहावा दिवस, सोमवार: गेर्निका

मुद्दाम सोमवार धरला होता. २६ एप्रिल १९३७ हा सोमवार होता, बाजाराचा दिवस, आणि गेर्निकात अजूनही सोमवारीच बाजार भरतो. बिल्बाओहून छोटी आगगाडी तासाभरात पोचवते. बारीक पाऊस होता, कोकणात श्रावणात असतो तसा. बाजारात राजमा, मेंढीचं चीज आणि गेर्निकाच्या प्रसिद्ध हिरव्या मिरच्या. तेलात परतून वर जाडं मीठ. तिखट नाहीत, पण हातात ती बशी आली आणि घरची आठवण झाली.

दुपारी साडेचारच्या सुमारास पहिलं विमान आलं आणि तीन तासांहून जास्त वेळ कोंडोर लीजन या जर्मन हवाई पथकाची आणि इटालियन विमानं गाव जाळत राहिली. नदीवरचा पूल आणि शस्त्रांचा कारखाना, दोन्ही शाबूत राहिले. फ्रँकोच्या लोकांनी सांगितलं, गाव लालांनीच पेटवलं. ही कथा त्याच्या हयातीत चालू राहिली. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी जबाबदारी मान्य करणारं पत्र पाठवलं ते १९९७ मध्ये.

बास्क लोक तर नियमाने चर्चला जाणारे कॅथलिक. तरी ते प्रजासत्ताकाकडून लढले, कारण तिथे त्यांना स्वायत्तता मिळाली. ‘धर्मयुद्ध’ म्हणवणाऱ्या फ्रँकोच्या सैन्याने बास्क पाद्र्यांनाही गोळ्या घातल्या. शांतता संग्रहालयात मला हे वाचताना बार्सिलोनाच्या आजी आठवल्या. प्रजासत्ताकाच्या भागात हजारो पाद्री आणि नन मारल्या गेल्या, हे त्यांनी लपवलं नव्हतं.

ज्या ओकखाली बास्क लोक पिढ्यान्‌पिढ्या शपथा घेत आले तो बॉम्बहल्ल्यातून वाचला होता. आजचं झाड त्याच्या वंशातलं, अगदी तरुण. त्याच्याही आधीच्या झाडाचं जुनं खोड शेजारी छत्रीखाली जपलंय.

सातवा आणि आठवा दिवस: माद्रिद

मंगळवारी रेइना सोफिया संग्रहालय बंद असतं, म्हणून विद्यापीठाच्या परिसरात गेलो. नोव्हेंबर १९३६ मध्ये फ्रँकोची मोरोक्कन पथकं इथपर्यंत आली होती. तत्त्वज्ञान विभागाच्या खिडक्यांत आंतरराष्ट्रीय ब्रिगेडवाल्यांनी ग्रंथालयातली जाडजूड पुस्तकं रचून आडोसा केला होता. आज तिथे मुलं परीक्षेचे फॉर्म भरत होती.

बुधवारी संध्याकाळी सातनंतर रेइना सोफियात प्रवेश मोफत असतो, रांगेत अर्धा तास आधी उभं राहावं. पिकासोचं ‘गेर्निका’ साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद. किंचाळणारा घोडा, मेलेलं मूल घेतलेली आई, दिवा धरलेला हात. विमान नाही, झेंडा नाही. भाचा बराच वेळ शोधत होता.

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला आणि त्याने नागपूरला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, पण आबांना झोप कमीच असते. “आबा, तुम्ही हुद्दारांना कधी बघितलं होतं?”

आबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. भाचा थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “नाही नाही, थांबा, नीट सांगतो. डोंगरात ओकची झाडी आहे ना, तिच्यात एक मठ आहे...”